गव्हाचं जहाज आणि देविकाचा मुहूर्त

९ डिसेंबर २०२४

सीरियाचा अध्यक्ष मॉस्कोला पळाला. रशियाचा भूमध्य समुद्रावरचा जुना दोस्त गेला – एका रात्रीत! सुमतीचा नवरा कमलाकांत दादरहून फोन करून मला परराष्ट्र धोरण समजावत होता. मी ते कॉलेजात जन्मभर शिकवलं. ऐकून घेतलं. धाकट्या बहिणीचा नवरा – करणार काय.

खरी काळजी वेगळीच. त्यांचा सिद्धार्थ ज्या जहाजावर आहे ते रशियन गहू घेऊन सीरियालाच निघालंय. आणि सव्वीसला त्याचं लग्न.

१० डिसेंबर

सिद्धार्थचा जहाजावरून फोन. ‘मावशी, आता रशिया काय करेल गं?’

चला, कुणीतरी विचारलं! सांगितलं – दोस्त गेला म्हणून मोठी सत्ता रडत बसत नाही. त्याच्याकडे आपलं काय अडकलंय ते सोडवते. इथे नाविक तळ अडकलाय. तो गेला तर आफ्रिकेकडची ये-जा अवघड. म्हणजे आता तिथे सत्तेवर आलेल्या, कालच्या अतिरेक्यांशीच आज बोलणी. तोवर गहू रोखून धरतील. देणारही नाहीत, नाही म्हणणारही नाहीत.

जहाज उभंच राहणार का, विचारलंन. बहुतेक, म्हटलं.

मुलगा हुशार. लक्ष देऊन ऐकतो.

१४ डिसेंबर

गहू थांबला. पेपरात आलंय. म्हटलं नव्हतं?

१७ डिसेंबर

केळवण माझ्याकडे, गिरगावात. नवरदेव समुद्रात, तरी सुमतीनं हट्टानं त्याचं पान मांडलं. पाटावर युनिफॉर्ममधला फोटो, पुढे वालाचं बिरडं. जिवंत माणसाच्या फोटोपुढे पान! होणारी सून देविकाही आली होती. म्हणाली, ‘हार तेवढा घालू नका.’

कमलाकांतनं सिद्धार्थचा मेसेज मोठ्यानं वाचला. ‘रशिया देणारही नाही, नाही म्हणणारही नाही.’ माझं वाक्य, शब्दशः! वर, पोराला जगाची समज आहे म्हणे.

१९ डिसेंबर

लग्न पुढे ढकललं. पुढे पौष, म्हणजे आता माघातच. हॉलवाल्याला सीरिया समजावून कमलाकांतचा घसा बसला.

देविकाच्या घरी मला पाठवलं – बोलायची सवय ना! रशियाची अडचण मुद्देसूद मांडली. तिच्या आईनं नुसता चहा पुढे केला. देविका म्हणाली, ‘मावशी, रशियाचं कळलं. त्याचं काय?’

२१ डिसेंबर

देविका आली होती. त्याच्या कंपनीच्या ऑफिसात स्वतः जाऊन आली. जहाज अकरा तारखेलाच माघारी फिरलं. सिद्धार्थ तुर्कस्तानात उतरला. सोमवारपासून, म्हणजे केळवणाच्या आदल्या दिवसापासून, मुंबईतच आहे.

सुमतीचा फोन वाजतोय. रोज एकच विचारते – रशियाचं काही ठरलं का.