एका पायापुरतं सागवान

आप्पा, सागवान मिळत नाही हो. हैदराबादेत पैसे टाकले तर काय मिळत नाही. पण मला हवं तसं, हवं तेवढं आणि बँकेतल्या कारकुनाला झेपेल अशा भावात मिळत नाही. तुमच्या खुर्चीचा मागचा पाय वाळवीनं आतून पोखरला. बाहेरून पॉलिश जसंच्या तसं, आणि आई रेलली तसा खालून भुगा सांडला. तिला लागलं नाही, पण ती घाबरली ती घाबरलीच. तिचे गुडघे धरले तेव्हा तुम्हीच ती खुर्ची केली होती. हात रुंद आणि जरा पुढं आलेले, म्हणजे तळवे टेकवून तिला स्वतःचं स्वतः उठता यावं. आबिड्सच्या कचेरीत जन्मभर साहेबांच्या खुर्च्या दुरुस्त केल्या, एक तरी घरच्या साहेबाला, असं म्हणाला होतात. घरचा साहेब आता दिवसभर पलंगावर पडून असतो. डॉक्टर म्हणतात, बसवा, जितकं पडून राहतील तितकं पुढं उठणं अवघड. मी आधी प्लास्टिकची आणली, मग कोठीच्या बाजारातून दवाखान्यात असते तसली लोखंडी. "कामून आणलीस गं ही? माणूस घसरतंय हिच्यात," म्हणून तिनं भिंतीकडे तोंड केलं. तिची पाठ लाल व्हायला लागली आहे.

तुम्ही म्हणाल, एक पायच तर आहे, जोड दे. पण मागचा पाय तोच वर जाऊन पाठीला धरतो, आणि तो वाकडा असतो. त्याला अखंड, रुंद फळीच लागते, हे तुम्हीच शिकवलंत. लोखंडी पट्टी ठोकून पाहिली, पोखरलेल्या लाकडात स्क्रूच धरत नाही. मग निघाले वखारी पालथ्या घालायला. एका मोठ्या डेपोतला माणूस मला बसवतो, चहा मागवतो आणि म्हणतो, "नक्को मॅडम, एक पाये के वास्ते लठ्ठा कौन चीरता? प्लाय लेलो, कीडा बी नै लगता." दुसरीकडे फळी दाखवतात, लालसर, गुळगुळीत. उचलून बघते तर पापडासारखी हलकी, आणि खरवडली की रंग नखात येतो. बाहेरच्या देशाचं सागवान आहे म्हणतात. ज्या कुठल्या देशाचं असेल, तिथं ते झाड बाळसं धरत होतं तेव्हाच तोडलेलं दिसतं. आणि त्याचाही भाव असा, की ऐकून मीच दुकानदाराला पाणी मागितलं.

मलकपेठेत पाडलेल्या घरांची दारं-चौकटी विकणारं आपलं ते दुकान, तिथंही गेले. तुम्ही होतात तेव्हा मेट्रोचे खांब उभे राहिले नव्हते. मी आत पाय टाकते आणि नुकती दहावी झालेली मुलगी होते. तुम्ही पुढं, मी मागं. मी एका चकचकीत फळीवर बोट ठेवते. "नवरा बघायला आलीस का गं? रंग काय बघतेस, उचलून बघ, वास घे," तुम्ही सगळ्यांदेखत ओरडता आणि म्हातारा दुकानदार पोट धरून हसतो. माझे कान तापतात. परत येताना रिक्षात तुम्ही पिशवीतून छोटा रंधा काढता आणि माझ्या मांडीवर ठेवता. मैत्रिणींना त्या वर्षी घड्याळं मिळाली होती. रंधा मी अजून वापरते, पातं तेवढं झिजून बदललं. आता दुकानात त्या म्हाताऱ्याचा नातू बसतो. माणूस चांगला आहे, तुमची आठवण सांगितली तर उभा राहिला. पण म्हणाला, "चौखटां तो आते ई जाते मॅडम. होटलवाले ले जाते, दीवारों पे लगाने कू." लोक दारं भिंतीवर शोभेला टांगतात आणि माझ्या आईच्या खुर्चीला पाय नाही. हॉटेलवाले देतात तो भाव त्यानं मान खाली घालून सांगितला. मी नुसतं "हौ" म्हणून बाहेर आले आणि रस्त्यावर उभी राहून रडले.

आणि लाकूड तर घरातच आहे. तुम्हीच ठेवलेलं. आणलेलं लाकूड एक पावसाळा घरात काढल्याशिवाय त्याला करवत लावायची नाही, हा तुमचा नियम. "घराची हवा लागू दे त्याला. ओल्यात कापलं की पुढं सूड घेतं." त्या शेवटच्या फळीची तोंडं फाटू नयेत म्हणून दोन्ही टोकांना हिरवा ऑइलपेंट फासलात, ती आईच्या पलंगाखाली सरकवलीत, आणि पावसाळा संपायच्या आत तुम्हीच गेलात. तिचं काय करणार होतात ते कुणालाच ठाऊक नाही. रुंद, जड, सगळा गाभा. खुर्चीचा पाय निघून वर उरेल एवढी. आईनं इतकी वर्षं तिच्याभोवतीनं झाडलं, कुणी मागितली तर दिली नाही. खुर्ची मोडल्यावर मी ती ओढायला गेले, तर पलंगावरून हात खाली टाकून तिनं काठ घट्ट धरला. "राहू दे. ओलं हाय अजून. वाळल्यावर त्यांचं ते कापतील."

हल्ली तिचं असं होतं. काही दिवस तुम्ही गेलात हे तिला माहीत असतं, काही दिवस नसतं. नसतं त्या दिवशी ती बरी असते. दोन घास जेवते, पडल्या पडल्या फळी चाचपते. एकदा मी धीर करून म्हणाले, आई, वाळलंय ते, कापते, तुला बसायला होईल. ती म्हणाली, "वाळलंय? मग ते कामून येईनात?" त्या दिवशी तिनं ताटाला हात लावला नाही. तेव्हापासून मी बाहेरच शोधते आहे, आप्पा. येत्या रविवारी पुन्हा जाईन, मिळणार नाही हे माहीत असून जाईन. तुम्ही असता तर एक शिवी हासडून काय ते सांगितलं असतंत. मला काही सुचत नाही.

हे कागद रंध्याच्या डब्यात ठेवते, दुसरीकडे कुठं पाठवणार. एक सांगायचं राहिलं. आज सकाळी तिनं परत विचारलं, "वाळलं का गं?" मी पलंगाखाली वाकले, बोटानं ठोकून पाहिलं. खणखणीत आवाज आला, तिलाही ऐकू गेला असेल. "नाही आई," मी म्हणाले, "अजून ओलंच आहे."