छायाने धुतलेली गाडी

सौंसर,
४ ऑक्टोबर १९८८

प्रिय छाया,

बाबाचा जय भीम. तुझं पत्र सोमवारी मिळालं. प्रभाकररावांनी फियाट घेतली हे वाचून मी टॅक्सी स्टँडवर चारचौघांना सांगून आलो. शाळामास्तराने गाडी घ्यायची म्हणजे साधी गोष्ट नाही, मग ती तेरा वर्षांची का असेना. इंजिनावर तेलामातीचा लेप बसलाय, दसऱ्याला त्याच गाडीने दीक्षाभूमीवर जायचंय, तर यांना इंजिन घरी कसं धुवायचं ते कळवा, असं तू लिहितेस. आणि खाली लिहितेस, मी गाडीला हात लावत नाही, माझ्या हाताने बिघडते हे तुम्हाला ठाऊकच आहे, इथे सासूबाईही तेच म्हणतात. ते वाक्य मी पुन्हापुन्हा वाचलं. म्हणून हे सगळं प्रभाकररावांना नाही, तुला कळवतोय.

गाडी सकाळी धुवायची, रात्रभर उभी राहिलेली. इंजिनवर तळहात ठेवून बघ, जराही ऊब लागली तर थांब. तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडलं तर ते तडकतं. हातातल्या पाटल्या काढून ठेव, पदर कमरेला घट्ट खोच, लेकराला आजीपाशी बसव. मग बॅटरीची मायनसची वायर आधी सोडायची. डिस्ट्रिब्युटर, कॉइल आणि डायनामो या विजेच्या भागांना प्लास्टिक गुंडाळून सुतळीने बांधायचं. खताच्या पोत्याच्या आतलं प्लास्टिक चांगलं, पण ते आधी धुऊन घे. रॉकेल किंवा पेट्रोल वापरू नकोस, कोणी कितीही सांगितलं तरी. आधी कोरड्या ब्रशने माती झाडायची, मग कपडे धुण्याची पावडर पाण्यात कालवून घासायचं. नळी लावायची नाही. तांब्याने थोडं थोडं पाणी सोडायचं, आंघोळीला बसलेल्या लेकराच्या डोक्यावर सोडतात तसं.

हे लिहिताना मला सारखं हसू येतंय, कारण यातलं निम्मं तुला माझ्यापेक्षा चांगलं येतं. आठव्या वर्षापासून तू माझ्या ॲम्बेसेडरच्या बॉनेटखाली डोकं घालून असायचीस. तुझी आई ओरडायची, पोरीचे केस तेलकट झाले म्हणून, आणि तू म्हणायचीस, तेल लावायचंच होतं ना. कोपऱ्याकापऱ्यात जिथे माझी बोटं जात नसत, तिथे तुझी जायची. सतरा वर्षांची झालीस तेव्हा मी कबूल केलं होतं की दसरा झाला की तुला गाडी शिकवतो. सौंसरात तेव्हा एकही बाई गाडी चालवत नव्हती, आणि तू मैत्रिणींना सांगत सुटली होतीस.

तो दसरा तुला विसरता येणार नाही, मलाही नाही. आदल्या दिवशी आपण दोघांनी गाडी धुतली. डिस्ट्रिब्युटर तू बांधलास, पाणी तू सोडलंस. सकाळी आठ माणसं कोंबून निघालो, बायका पांढऱ्या साड्या नेसलेल्या. मागे तुमच्या पांढुर्ण्याचे दादाराव बसले होते, ज्यांनी पुढे तुझं स्थळ आणलं. बोरगावच्या पुढे गाडीने आचके दिले आणि बंद पडली. मी बॉनेटही नीट उघडलं नाही. सगळ्यांच्या देखत तुला म्हणालो, पाणी घातलं असशील आत, पोरीच्या जातीने यंत्राला हात लावूच नये. दुपारी मिळेल त्या बसमध्ये उभ्याने सगळे नागपूरला गेलो. त्यानंतर तू गाडीपाशी फिरकली नाहीस, आणि शिकवायचं मीही पुन्हा काढलं नाही. एवढ्यावर थांबलो असतो तरी बरं होतं. तुझं लग्न ठरलं तेव्हा साक्षगंधात मीच दादारावांसमोर गंमत केली, पोरगी सगळं करते, फक्त गाडीजवळ जाऊ देऊ नका. सगळे हसले. तुझ्या सासूबाई जयवंताबाई अजून जे म्हणतात ते माझंच वाक्य आहे.

आता खरं काय झालं ते ऐक. एअर फिल्टर काढला की कार्बोरेटरचं तोंड उघडं पडतं, त्यात पाणी जाऊ नये म्हणून मी नेहमी फडक्याचा बोळा बसवायचो, शेपूट बाहेर लोंबत ठेवून. त्या दिवशी फडकं सापडेना. तुझ्या आईने गादी उसवून कापूस पिंजाऱ्यासाठी अंगणात उन्हात घातला होता. आपल्या भागात कापूस हाताशी असतोच, घेतला मूठभर आणि कोंबला. निघताना उपसला, पण कापूस कापसाला सोडतो कुठे, एक पुंजका आत राहिला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी ओढून आणल्यावर मी एकट्याने कार्बोरेटर खोलला तेव्हा तो मला आत सापडला, पेट्रोलने काळा झालेला. मग डिस्ट्रिब्युटर उघडला. आत पाण्याचा एक थेंब नव्हता, तू बांधलेली गाठ मला सुटेना म्हणून सुतळी कापावी लागली होती दसऱ्याला निघताना. मला त्याच क्षणी घरात येऊन तुला सांगता आलं असतं. लाज वाटली. उद्या सांगू म्हटलं, आणि त्या उद्याला पाच वर्षं झाली. तेव्हा पोरी, तू कापूस वापरू नकोस. फडकं लाव, आणि धुऊन झाल्यावर प्लास्टिक, सुतळी, फडकं सगळं मोजून बाहेर काढ. बॉनेट तासभर उन्हात उघडं ठेव, मायनस सगळ्यांत शेवटी जोड, आणि किल्ली तूच फिरव.

सोमवारी तुझं पत्र वाचून झाल्यावर मी तुझ्या आईला हे सगळं सांगितलं. ती तूर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मले तवाच समजलं होतं. सदरा धुताना खिशात तो काळा कापूस सापडला. तुम्ही कधी सांगता म्हणून वाट पाहून राहिली होती मी." मी म्हटलं, आता सांगितलं ना. तर म्हणाली, "मले सांगून काय फायदा? तिले सांगा. अन् चार लोकायसमोर बोलले होते, तर चार लोकायले कळू द्या." म्हणून मी पाकीट आणलं नाही, ही नऊ पोस्टकार्डं आणली आणि त्यांवर आकडे घातले. तुमच्या गल्लीत ज्यांना वाचता येत नाही त्यांना पोस्टमन ओट्यावर बसून कार्ड वाचून दाखवतो, असं तूच सांगितलं होतंस. त्याला म्हणावं, जयवंताबाईंना आणि दादारावांना बोलाव, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाच. गाडी मी बिघडवली होती, छायाने नाही.

तुझाच,
बाबा