चंपीचं बाळंतपण आणि घरचे फितूर

२ जानेवारी
रोह्याहून बाईकवर येताना थंडी बाधली. नाक चोंदलंय, ताप किरकोळ. चंपी, आपली थोरली डुकरीण, महिनाअखेर व्यायची. तिच्या पिल्लांवरच दुसरी शेड उभी राहणार. संकल्प: तोवर शेडमध्ये रोगाचा कण शिरू द्यायचा नाही.

३ जानेवारी
गेटवर पाटी लावली: बाहेरच्यांना प्रवेश बंद. मग आत गेलो. अर्धी भाकरी मी खाल्ली, अर्धी चंपीला. रोजचा शिरस्ता. माझं उष्टं नसेल तर तिच्या घशाखाली उतरत नाही. वैशाली म्हणाली, "अवो, तापात आत कशाला जाता?" मी काय बाहेरचा?

६ जानेवारी
चंपी खोकली. भिंतीपलीकडून ऐकलं. एका पिल्लापासून इथवर आलो तो या कानांच्या जोरावर. हा खोकला बाहेरचा! आमचा गडी कान्हू गावभर हिंडतो. त्याला घरी बसवला. म्हणाला, "शेठ, मना तं साधी शिंक पन नाय." लपवतोय. आता सगळं एकट्याने करणार.

८ जानेवारी
अर्धी शेड खोकतेय. मीही. म्हणजे डुकरांनीच मला दिला. ज्यांना घासातला घास दिला त्यांनी! डॉक्टर नको. त्यांची जीप दारात आली की गावात बोभाटा. काढा पुरे.

९ जानेवारी
जीप आली. फोन कुणी केला? शेजारचा गोविंदा, दुसरं कोण! कालच विचारत होता, "बाबाजीशेठ, दमा तुला झाला का डुकरांना?" डॉक्टरबाईंनी डुकरांच्या नाकात काड्या घातल्या. मग माझ्या. त्याच रांगेत.

२० जानेवारी
रिपोर्ट. माणसांतला फ्लू. बाई म्हणाल्या, डुकरं माणसाला देतात तसा माणूसही डुकरांना देतो, तुम्ही दिलात. यापुढे सर्दीवाल्याने शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही. आणि ते उष्ट्या भाकरीचं बंद करा.
भाकरीचं यांना कसं कळलं? ते घरातल्या एकीलाच माहीत.
विचारलं, "का गो, फोन तू केलास?"
"व्हय. तुमी ऐकला असता? चंपी हातची गेली असती."
बावीस वर्षांचा संसार! निषेध म्हणून आजपासून बाहेर ओट्यावर झोपणार. कान्हूला तिने परत बोलावलं, मला न विचारता.

२८ जानेवारी
चंपी व्याली. ओट्यावरच्या गारठ्याने मला पुन्हा सर्दी. शेडबाहेर उभा राहिलो. पिल्लांचा आवाज खणखणीत, सगळी दमदार, कान सांगतात. हाक मारली, "वैशाली, एक तरी दाखव गो." तेवढ्यात शिंक आली.
आतून कान्हू म्हणाला, "वैनी, शेठ आलं वाटतं."
आणि कडी लावली.