बोहनीचे विमान

१० जानेवारी

चि. मेथीस बाबांचे अनेक आशीर्वाद.

तू बांधलेला पूल बारा मार्चला खुला होणार, हे मी मंडईत ज्याला त्याला सांगितले. शेजारचा न्हावी म्हणाला, आता पुरे करा, माझे गिऱ्हाईक अर्धी दाढी टाकून पळेल. पळू दे.

विमानाच्या तिकिटाचे मी बघतो. तू पैसे पाठवायचे नाहीत. न्हाव्याने त्याच्या फोनवर भाव दाखवला तेव्हा माझे धाबेच दणाणले. पण जन्मभर पालेभाजी विकली आहे मी. जुडीचा सकाळचा भाव संध्याकाळी राहत नाही. विमान सुटले की रिकामी खुर्ची म्हणजे सुकलेली जुडीच. तेव्हा मी दिवस मावळेपर्यंत थांबणार. रोज भाव बघतो, पण घाई दाखवत नाही. गिऱ्हाईक गरजू आहे हे कळले की विकणारा अडून बसतो.

पुलावर वारा फार असेल. कान झाकतेस ना? मला उगाच घोर लागतो.

माया आहेच, तू उत्तराला उशीर करू नकोस.

बाबा

२५ जानेवारी

ती. बाबांस मेथीचा सा. न. वि. वि.

तुमचे पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचून इतकी हसले की मुकादम चौकशीला आला. मग मात्र लगेच कागद घेऊन बसले. बाबा, विमानाच्या बाजारात संध्याकाळ उलटी असते. शेवटी तिकीट काढणारा बहुधा अडलेला असतो, मागतील तो भाव देतो. म्हणून दिवस मावळताना भाव चढतो. कृपा करून थांबू नका. पैसे पाठवते म्हटले तर रुसाल, म्हणून म्हणत नाही. न्हावीकाकांना फोनवर भावाची सूचना लावायला सांगा, भाव पडला की फोनच ओरडेल. मागचेपुढचे दिवस आणि पलीकडच्या शहराचा विमानतळही त्यात घाला.

शाळेच्या वाटेवरचा ओढा आठवतो? दोन फळ्या, तुमच्या डोक्यावर टोपली आणि मागे तुमचा सदरा घट्ट धरलेली मी. तुम्ही आला नाहीत तर पूल उघडेल, पण माझ्यापुरता तो अर्धाच राहील.

रागावलात तरी चालेल, पण या.

तुमची मेथी

१४ फेब्रुवारी

चि. मेथीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र यायच्या आधीच भाव चढू लागला होता. मग चढतच गेला आणि माझ्या आवाक्याबाहेर निघून गेला. पोरीचा पूल आणि बाप आपल्या शहाणपणापायी घरी, हेच डोक्यात.

तू सांगितलेस तशी सूचना लावली होती. काल न्हाव्याचा फोन ओरडला. पलीकडच्या शहरातून एक नवी कंपनी विमान सुरू करते आहे. नऊ मार्चला त्यांचे पहिलेच उड्डाण आणि भाव माझ्या पहिल्या भावाच्याही निम्मा. न्हावी म्हणाला, यात काहीतरी गोम आहे, जरा थांबू. म्हटले, अरे गाढवा, थांबून एकदा नाक कापून घेतले ना? ही त्यांची बोहनी आहे. पहिले गिऱ्हाईक कोणी परत पाठवते का? साबणाच्या बोटांनीच तिकीट काढायला लावले.

बसने जावे लागेल, मध्ये एका विमानतळावर ताटकळावे लागेल. बसेन. बसायची सवय आहे. खुर्चीतले गिऱ्हाईक अर्ध्या दाढीने विचारत होते, आजोबा, कुठे निघालात? म्हटले, माझ्या मुलीने पूल बांधलाय, तो बघायला. बिचारा उठून पायाच पडला. पूल खरोखर तुझा, पाया माझ्या पडले लोक!

पिशवीत सदरे किती घेऊ, ते कळव.

बाबा

२८ फेब्रुवारी

ती. बाबांस सा. न. वि. वि.

तिकीट कळल्यावर मी साइटवर सगळ्यांना सांगत सुटले. मुकादम म्हणाला, बाईसाहेब, आता पुरे.

फीत पाहुणे कापणार आहेत. मी साहेबांना सांगितले, कापू देत, पण पुलावरून पहिला माणूस माझा जाईल. त्यांनी विचारले, कोण? म्हटले, डोक्यावर ओझे घेऊन फळीवरून चालला आणि कधी घसरला नाही, असा एक माणूस आहे.

तेव्हा पुलाची बोहनी तुमच्या पायांनी. सदरा एकच आणा, पण मजबूत. मी मागून धरून येणार आहे.

वाटेकडे डोळे लावून,

मेथी