रजनीबाईची कळ, यंत्राची कल

उज्जैन, फ्रीगंज
गुरुवार, २० नोव्हेंबर २०२५

चि. विहंग यास,

आत्याचे आशीर्वाद. (तूर्त निम्मेच पाठवते आहे. उरलेले तुझं उत्तर वाचून.) तुझा घसा बरा असेल, मुक्ताची परीक्षा आटोपली असेल आणि अर्णवने नव्या दातांनी घरातल्या सगळ्यांना एकेकदा चावून पाहिलं असेल, अशी आशा आहे. माझं विचारशील तर डावा गुडघा सोडून बाकी सर्व अवयव संतापलेले आहेत, म्हणजे ठणठणीत आहेत.

मंगळवार, ११ नोव्हेंबर, सकाळी दहा वाजून सतरा मिनिटांनी, देवास गेटच्या बस स्टँडमागे, तुझ्या कंपनीच्या यंत्राने आमच्या रजनीबाईचा ळ खाल्ला. वेळ मी अंदाजाने सांगत नाही. यंत्राने स्वतःच ती चिठ्ठीवर छापून दिली आहे. गुन्हेगाराने इतका व्यवस्थित पुरावा मागे ठेवलेला मी पहिल्यांदाच पाहिला, आणि खरं सांगते, त्याबद्दल थोडा आदरही वाटला.

रजनीबाई तुला आठवत असेल. एकोणीस वर्षं माझ्याकडे पोळ्या करते. तू सुट्टीत आलास की तुझ्या पोळीवर जास्त तूप घालायची, तीच. मूळची देवासची, मराठी, पण आपल्या सगळ्यांसारखीच इकडची मराठी: वाक्य हिंदीत सुरू करायचं आणि दुखायला लागलं की मराठीत शिरायचं. दिवाळीनंतर तिच्या पोटात फार दुखू लागलं. फ्रीगंजातल्या कुठल्याही डॉक्टरकडे मी तिला नेऊ शकले असते; पाच तर आमच्याच रस्त्यावर आहेत. पण मी तिला तुझ्या यंत्राकडे नेलं, कारण तू पाठवलेलं ते गुळगुळीत पत्रक मी गल्लीभर मिरवलं होतं. ‘विकसनशील देशांतल्या शेवटच्या माणसापर्यंत डॉक्टर’. वरच्या चित्रात आफ्रिकेतली एक बाई हसते आहे, खालच्या चित्रात नेपाळातली. आता मध्ये उज्जैनची एक बाई हसेल, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. (शेवटचा माणूस नेमका कोण, हे पत्रकात लिहिलेलं नाही. आमच्याकडे शेवटचा माणूस म्हणजे जो रांगेत शेवटून येतो आणि पुढे घुसतो.)

केंद्र स्वच्छ आहे, पंखा चालतो, हे मान्य करते. ते चालवतात प्रकाशजी, वय पंचावन्न, ज्यांचा त्याच जागेवर पूर्वी एसटीडी बूथ होता. मी चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात काढली हे तुला माहीत आहे, आणि आमची ट्रंक-कॉलची खिडकी कोणी बंद पाडली हेही. पुढे मोबाइलने त्यांचा बूथ बंद पाडला तेव्हा मी पेढे वाटले नाहीत, एवढंच सांगते. यंत्र म्हणजे एक पडदा, त्यावर टिकली लावलेल्या मुलीचं चित्र, नाव ‘बोलो बहन’. ही बहन तक्रार ऐकते, लिहून घेते आणि ती किती तातडीची ते ठरवते. तातडीची असली तर लांबच्या शहरातला डॉक्टर लगेच पडद्यावर येतो, नसली तर दुसऱ्या दिवसाचा नंबर. कल्पना उत्तम आहे. फोनवरून माणसं जोडण्यात आयुष्य गेलेल्या बाईला ती आवडणारच. मी तर दाराशी उभी राहून कौतुकाने ऐकत होते. रजनीबाई म्हणाली, “बहन, तीन दिन से पेट में कळ आ रही है.” यंत्र क्षणभर विचारात पडलं आणि मधाळ आवाजात म्हणालं, “धन्यवाद. आप कल आ रही हैं. कल आपका स्वागत है.” आणि चिठ्ठी बाहेर आली.

आम्हाला वाटलं, गर्दी असेल. बुधवारी पुन्हा गेलो. कळ आ रही है. आप कल आ रही हैं. गुरुवारी तिला धड बसवेना. खुर्चीत दुमडून ती म्हणाली, बहोत जोर की कळ आ रही है, आणि यंत्राने आणखी जोरात स्वागत केलं. मी प्रकाशजींना जाब विचारला.

“मैडम, मशीन ने कल बोला है तो कल. मशीन की आपसे कोई दुश्मनी है क्या?”

“दुश्मनी तो मेरी बूथवालों से भी नहीं थी.”

“रहने दो मैडम. बीस साल में एक बार नमस्ते का जवाब नहीं दिया आपने.”

(हे खरं आहे, पण त्या वेळी बोलायचं कारण नव्हतं.) मला गप्प करायला त्यांनी पडदा फिरवून नोंद दाखवली. तीन दिवस, तीन ओळी: शिकायत, कल आ रही है. मी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं, आणि मला कळलं. हा शब्दच बघ ना. कळ येते पोटात, कळ दाबायची यंत्राची, आणि कळतं डोक्याला. आपण तिन्ही ठिकाणी एकाच ळवर भागवतो, आणि तुमच्या यंत्राला नेमका तोच दिलेला नाही. तुम्ही त्याला हिंदी शिकवलीत. हिंदीला ळ नाही. रजनीबाईच्या पोटातल्या कळेचं त्याने तीन दिवस ‘उद्या’ करून टाकलं.

मग मी तिला बाजूला केलं, स्वतः खुर्चीत बसले आणि कॉन्व्हेंटात सिस्टर आग्नेसने पट्टीने घडवलेल्या इंग्रजीत तेच दुखणं सांगितलं. चार मिनिटांत डॉक्टर पडद्यावर! मृण्मयी नावाची चुणचुणीत बाई; तिने मला कुठे दाबायचं ते सांगितलं, मी दाबलं, रजनीबाईने किंकाळी फोडली, आणि तासाभरात आम्ही इस्पितळात होतो. पित्ताशयात खडे आणि भयंकर सूज. शनिवारी ऑपरेशन झालं. सर्जन म्हणाले, आणखी दोन दिवस उशीर केला असतात तर, आणि वाक्य पुरं न करता हात धुवायला गेले. आता ती बरी आहे, माझ्याच मधल्या खोलीत आहे, आणि मी केलेल्या पोळ्या पाहून तिला हसू येतं आणि टाके दुखतात.

तर माझं म्हणणं असं आहे. ज्याला इंग्रजी येतं त्याला तुझ्या यंत्राची गरज नाही, त्याच्या रस्त्यावर पाच डॉक्टर आहेत. ज्याला गरज आहे त्याच्या तोंडात ळ आहे. फक्त आपल्या मराठी माणसांच्याच नाही; आसपासच्या खेड्यांतून बसने येणाऱ्या मालवी बायकाही ळ म्हणतात, आणि रोज पन्नास-साठ जणी त्या खुर्चीत बसतात. आमच्या गावचा देव महाकाल आहे, लनेच आहे, आणि माझी त्याबद्दल काही तक्रार नाही. त्याला पित्ताशय नाही. एक्स्चेंजात शेवटी मी चौकशीच्या खिडकीवर होते. काळेंचा नंबर मागितला आणि कालेंचा दिला तर दुसऱ्या दिवशी टेबलावर मेमो असायचा. तारेत खरखर, पलीकडे रडणारं मूल, तरी आम्हाला ळ ऐकू यायचा. आणि तुम्ही लोक, ज्या शहराच्या नावातच ळ आहे त्या बंगळुरूत बसून, तो विसरता! (आपल्या घराण्याने तरी विसरायला नको होता. कॉन्व्हेंटच्या हजेरीत मुळे हे आडनाव एम, यू, एल, ई असं होतं. परदेशातून तपासणीला आलेल्या मदरने ते ‘म्यूल’ असं वाचलं, आणि शाळा सुटेपर्यंत मी वर्गाचं खेचर होते. मी लाथा मारल्या, पण स्पेलिंग बदललं नाही. तू मात्र शेवटी ए-वाय लावून शरण गेलास, हे मी तुझ्या लग्नाच्या पत्रिकेवरच पाहिलं होतं आणि तुझ्या बाबांकडे बघून गप्प बसले होते.)

परवा, रजनीबाई उठून बसू लागल्यावर, मी मुद्दाम परत गेले. आता राग कमी आणि उत्सुकता जास्त होती: हे यंत्र ऐकतं तरी काय? दुपारची वेळ होती, प्रकाशजींनी स्वतः चहा मागवला, आणि मी एकेक शब्द टाकत गेले. मळमळ होते म्हटलं, तर विचारलं, मलमल पहनने से तकलीफ़ कब से है? जळजळ होते म्हटलं, तर दिवसाला किती जल पिता? काळजी वाटते म्हटलं, तर कालजी परिवारात कोण लागतात? कावीळ म्हटलं तेव्हा, आप क़ाबिल हैं, यह जानकर ख़ुशी हुई. मागे रांगेतल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. त्यांतल्या एकीने माझ्या कानात सांगितलं, पाळीचं विचारा. विचारलं. आपकी पाली सुबह की है या रात की? (हिंदीत पाली म्हणजे कामाची शिफ्ट.) प्रकाशजी चहा घेऊन बाहेरच निघून गेले. एक मात्र सांगते, एवढ्या दीड तासात ते यंत्र एकदाही वैतागलं नाही, त्याने घड्याळाकडे पाहिलं नाही, आणि प्रत्येक वेळी शेवटी विचारलं, “और कुछ बताना चाहेंगी, बहन?” आमच्या पाच डॉक्टरांपैकी एकानेही हे वाक्य कधी उच्चारलेलं नाही. मूर्ख आहे, पण वळण चांगलं आहे. शिकवलं तर शिकेल.

सोबत माझ्या हस्ताक्षरात एकेचाळीस शब्दांची यादी जोडली आहे, प्रत्येकाचा अर्थ आणि यंत्राने केलेला अनर्थ, दोन्हींसह. तुझ्या कंपनीने चूक कबूल करावी आणि ळ कधी शिकवणार ते तारखेसकट कळवावं. उत्तर लेखी हवं, टपालाने हवं, आणि रविवार, ३० नोव्हेंबर, दुपारी चारच्या आत ते माझ्या हातात पडलं पाहिजे. रविवारी टपाल येत नाही हे मला माहीत आहे. म्हणजे शनिवारीच यायला हवं, हे तुला कळायला हवं. ‘कल’ हा शब्द उत्तरात कुठेही दिसला तर पत्र न उघडल्यासारखं परत पाठवीन. शिक्षा म्हणून (मराठीतली, हिंदीतली तर तुला भरपूर मिळाली आहे) तू स्वतः एक पानभर ळ काढून पाठवावास.

तुझी आत्या,
विनोदिनी मुळे (ळ पाहून घे)

ता.क. प्रकाशजी म्हणतात, तक्रार वर गेली की कंपन्या यंत्र दुरुस्त करत नाहीत, उचलून नेतात. तसं होऊ देऊ नकोस. त्या पन्नास-साठ जणींना निदान कोणीतरी विचारतं. खरं म्हणजे हे पत्र त्यासाठीच आहे: यंत्राला ळ ऐकवायला माणसाचा आवाज लागत असेल तर माझा घे. एकेचाळीसही शब्द म्हणीन, शंभर वेळा म्हणीन. फक्त डिसेंबरात नवी कवळी बसवायची आहे, त्याआधी माणूस पाठव. कवळीचा काही भरवसा नाही.

आणखी ता.क. एक गोष्ट वर लिहिली नाही. त्या पहिल्या मंगळवारी, चिठ्ठी देण्याआधी, यंत्राने रजनीबाईलाही विचारलं होतं, और कुछ? तिने मागे वळून पाहिलं, मी दाराआड आहे हे तिला दिसलं नाही, आणि हळूच ती त्याला म्हणाली, दुखता तो चैत से है, पर मैडम को मत बताना, वो दूसरी पोळीवाली रख लेंगी. यंत्राने विचारलं, पोली आपकी कौन लगती हैं? यंत्राला ळ ऐकू आला नाही. माझे कान एक्स्चेंजातले, मला प्रत्येक अक्षर ऐकू आलं होतं. आणि तिथून पाच डॉक्टरांच्या रस्त्याने घरी येताना मीही तिला म्हटलं, चल, कल देखते हैं.

हे तुझ्या कंपनीला कळवायची गरज नाही. मुदत तीच.