धोट्याच्या नाकाच्या आगगाड्या आणि मागाचा खड्डा

॥ श्री टेकडीचा गणपती प्रसन्न ॥

मी, गोपिकाबाई, कै. शालिकराम हेडाऊ यांची पत्नी, वय बासष्ट, शिक्षण मॅट्रिक, काम घर सांभाळणे, राहणार तांडापेठ, नागपूर, आज पूजा आटोपून, चहा घेऊन, चष्मा पुसून हा कागद लिहायला बसले आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणी मला भरीस घातलेले नाही, उलट घरात "इतक्यात काहून?" असेच विचारले गेले. गेल्या उन्हाळ्यात पोटाचे ऑपरेशन झाले, त्यातून मी बरी आहे. पण असले कागद बरे असतानाच लिहावेत. याआधी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही.

घर, दागिने सगळे पुढे येईल. हा कागद ज्यासाठी आहे ते आधी सांगते. समोरच्या खोलीत मागाचा खड्डा आहे व त्याच्याभोवती माझ्या खेळण्यातल्या आगगाड्या फिरतात. खेळण्यातल्या म्हणते, पण मुलांना हात लावू देत नाही. माझ्यामागे तो खड्डा सिमेंटने बुजवायचा, खोली भाड्याने द्यायची व गाड्या खोक्यात भरून माळ्यावर टाकायच्या, असे अंगणात बोलले जाते. माझ्या पोटाचे ऑपरेशन झाले, कानांचे नाही. तसे होऊ नये म्हणून पुढील व्यवस्था करते.

१. तांडापेठेतील घराचा रस्त्याकडचा भाग माझ्या यजमानांनी रीतसर माझ्या नावे केला. मागचा भाग माझे दीर भैयाजी यांचा. माझा भाग मी मुलगा चि. रविंद्र यास देते. तो भिलाईला नोकरीत आहे, तेथे त्याला क्वार्टर आहे; भाडेकरू ठेवायला माझी ना नाही. मात्र भाडेकरू आतल्या दोन खोल्यांत. समोरची खोली द्यायची नाही व खड्डा बुजवायचा नाही. रविंद्र म्हणेल, आई, खड्ड्याचे कोणी मृत्युपत्र करते का? मी करते.

२. हा कागद तपासून देणाऱ्या वकीलसाहेबांनी हातमाग कधी पाहिलेला नाही, तेव्हा खुलासा करते. विणकर जमिनीवर खड्ड्याच्या काठाशी बसतो, पाय खड्ड्यात सोडतो व खालच्या पट्ट्या पायाने दाबतो. माग त्याच्या पुढ्यात. धोटा म्हणजे आडवे सूत घेऊन इकडून तिकडे धावणारा, दोन्ही टोकांना निमुळता, हाताने घासून गुळगुळीत झालेला लाकडाचा तुकडा. आमच्या समोरच्या खोलीत दोन भावांचे दोन माग होते, म्हणून खड्डेही दोन होते. पुढे लुगड्यांना गिऱ्हाईक राहिले नाही व दोन्ही माग एकाच वर्षी थांबले. भैयाजींनी आपला खड्डा लगेच बुजवला, त्यावर कपाट ठेवले आणि वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामात मुनीम म्हणून लागले. ह्यांनी (म्हणजे यजमानांनी, नाव वर एकदा घेतले, पुन्हा घेत नाही) आपला बुजवू दिला नाही. माग मोडून भिंतीशी लावला. रोज आंघोळ करून खड्ड्यात पाय सोडून बसत, आणि बसूनच राहत. मीठ मागण्यापुरतेही बोलत नसत. भाजी अळणी असली तर अळणी जेवत.

३. सन १९६६ मध्ये रेल्वे कॉलनीतल्या रॉबिन्सन मेमसाहेब कायमच्या ऑस्ट्रेलियाला निघाल्या व घरचे सामान विकत होत्या. मी स्टो बघायला गेले. टेबलावर खेळण्यातल्या रुळांवर एक चंदेरी इंजिन होते, मागे तीन डबे. आपल्या स्टेशनावरच्या काळ्या, चिमणीच्या इंजिनासारखे नव्हे. नाक निमुळते, अंग एकसारखे, कुठे कोपरा नाही. मी म्हटले, हा तर धोटा! बाई हसल्या. म्हणाल्या, याला स्ट्रीमलायनर म्हणतात, वारा कापत जाते. स्टो तेथेच राहिला, रुळांसकट गाडी घरी आली.

मी आयुष्यात गरजेशिवाय काही घेतलेले नाही, हे सगळी तांडापेठ सांगेल. म्हणून भैयाजींना अंगणातच राहवले नाही.

"वहिनी, स्टो आणाले गेल्या होत्या ना? इतक्यात तं दुधाची बकरी आली असती."

"बकरी रुळावर चालते काय, भैयाजी?"

"नाही चालत. पन ते इंजिन दूध देते काय?"

ह्यांनी मान वर करूनही पाहिले नाही.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आम्ही मागाची पूजा करतो, हळदकुंकू लावतो, नारळ फोडून त्याचे पाणी मागावर शिंपडतो. त्या वर्षी पुजायला उभा माग नव्हता. मी इंजिन पाटावर ठेवले, साग्रसंगीत पूजा केली व नारळाचे पाणी शिंपडले. मागावर जन्मभर शिंपडले, त्याने माग कधी बंद पडला नाही. इंजिन पडले. बटण दाबले की नुसते गुरगुरे, मग तेही थांबले. मी पाटासमोर तशीच बसले. तेव्हा खड्ड्यातून आवाज आला.

"आन वं इकडे. आंघोळ घातली काय त्याले?"

कित्येक महिन्यांतले ते पहिले सबंध वाक्य. तुटलेले धागे उचलायचा बारीक चिमटा ह्यांनी कोनाड्यातून काढला. इंजिन उघडले, पुसले, सुपात ठेवून उन्हात वाळवले, पुन्हा जोडले. खड्ड्यात पाय सोडून बसल्या बसल्या सगळे हाताशी येत होते. दिवेलागणीला रूळ काठाभोवती मांडले व इंजिन ह्यांच्या भोवती फिरले. "हे तं धोट्यावानी पयते!" म्हणून हे हसले. त्या जेवणात ह्यांनी मीठ मागितले. भाजीत मीठ पुरेसे होते, तरी मी वाढले.

टेबल आणून गाड्या त्यावर ठेवा असा सल्ला मला अनेकांनी दिला आहे. टेबलाभोवती माणूस उभा राहतो, थोडा वेळ बघतो आणि निघून जातो. खड्ड्यात माणूस बसतो. म्हणून खड्डा पाहिजे.

४. गाड्या एकूण पाच. पहिली वर आली. दुसरी ह्यांनी स्वतः केली, लाकडाची, एका धोट्याला चाके लावून. तो धोटा भैयाजींचा होता व तो विचारून घेतला नव्हता. भैयाजी सबंध पावसाळा ह्यांच्याशी बोलले नाहीत. "माह्या धोट्याचं इंजिन केलं, आता माह्या खाटेचे डबे कराल काय?" हे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवले. तिसरी मुलीच्या दिराने अमेरिकेहून आणली. चौथी व पाचवी मी ह्यांच्यामागे भिशी उचलून मिळवल्या. नेम एकच: नाक धोट्याचे पाहिजे. चिमणीवाले इंजिन कोणी फुकट दिले तरी घेऊ नये. नवी गाडी आली की पहिल्या फेरीला डब्यात खडीसाखर, टेकडीच्या गणपतीच्या नावाने; फेरी पुरी झाली की खोलीत जो असेल त्याने खावी.

लाकडाची सोडून बाकी चार गाड्या मी मुलगी सौ. पुष्पलता, राहणार काटोल, हिला देते. रुळांकडेच्या स्टेशनांच्या पाट्या तिने शाळेत असताना रंगवल्या, त्या अजून आहेत. गाड्या मात्र तांडापेठेतच राहतील. तिने बसने यावे, त्या निमित्ताने माहेर राहील. गाड्यांच्या कपाटात सहावी फळी मी रिकामी ठेवली आहे, रोज पुसते. तीही पुष्पलतालाच देते. पाच गाड्यांनी संग्रह झाला असे मी मानत नाही. सुरुवात झाली.

५. पाटल्या पुष्पलतेस. गळ्यातली सोन्याची एकदाणी सून सौ. चंद्रकला हिला, तिने मला कधी शिळे वाढले नाही. पोस्टातल्या पैशातून तेरवी करावी, दोन भाज्या व वरणभात, बुंदी नको. माझा पाणी भरायचा पितळी गुंड नणंद यमुताई मुलीच्या लग्नाला म्हणून घेऊन गेल्या, त्या मुलीला आता सून आली. मागू नये. पण हे कलम त्यांच्यासमोर वाचावे.

६. आता भैयाजी. खड्डा बुजवायचे बोलतात ते हेच, व रविंद्र आपल्या काकांचा शब्द मोडणार नाही हे मला माहीत आहे.

ऑपरेशननंतर मी दवाखान्यातून घरी आले तेव्हा चंदेरी इंजिन रुळावर दाराच्या बाजूला उभे होते. मी ते खिडकीशी उभे करून गेले होते. खड्ड्यात वाकून पाहिले तर खर्र्याची, म्हणजे घोटलेल्या सुपारी-तंबाखूची, रिकामी पन्नी. आमच्या घरात खर्रा एकच माणूस खातो. मी कोणाला बोलले नाही. पण तेव्हापासून दुपारी देवळात जाऊन बसू लागले, पोथी संपली तरी उठत नाही. पन्न्या वाढत गेल्या. भैयाजी, हे वाचले जाईल तेव्हा मान खाली घालू नका. आपला खड्डा बुजवलेल्या माणसाला दुसऱ्याच्या खड्ड्यात पाय सोडावेसे वाटले, यात लाजण्यासारखे काय आहे?

तरी लाकडाची गाडी मी भैयाजींस देते. धोटा मूळचा त्यांचाच. समोरच्या खोलीची किल्ली, खड्ड्यात बसण्याचा व सगळ्या गाड्या चालवण्याचा हक्क त्यांच्या हयातीपर्यंत त्यांचा. रविंद्रनेही त्यांना तेथून ऊठ म्हणू नये. खड्डा बुजवायचा की नाही, हे आता भैयाजींनी त्यात बसून ठरवावे. अटी दोन. पन्न्या बाहेर टाकाव्यात. आणि खंडेनवमीला गाड्यांना हळदकुंकू कोरड्या बोटाने लावावे, नारळ अंगणात फोडावा.

७. या कागदाप्रमाणे वाटणी करून देण्याचे काम शेजारी मनोहरराव निमजे यांच्याकडे सोपवते.

ज्याला काही मिळायचे आहे त्याची साक्ष घेऊ नये, असे वकीलसाहेबांनी बजावले आहे. त्यावरून आज सकाळी तंटा झाला. "वहिनी, घरचा कागद आन् दोन्ही साक्षीदार बाहेरचे? मी का मेलो काय?" मी म्हटले, "तुमची सही नाही चालत, भैयाजी." ते पाय आपटत निघून गेले, मला वाटले अंगणात. पण आता आतल्या खोलीत मी व दोन साक्षीदार असे आम्ही तिघे बसलो असताना समोरच्या खोलीतून रुळांचा आवाज येत आहे. मनोहरराव उठून पाहायला निघाले होते, त्यांना मी बसवले.

सही मी सावकाश करते. फेरी पुरी होऊ द्यावी.

(सही) गोपिकाबाई शालिकराम हेडाऊ

बाईंनी हा कागद आम्हांस स्वतः वाचून दाखवला, सहावे कलम तेवढे हळू आवाजात, व आमच्या डोळ्यांदेखत सही केली. त्यांच्यासमोर आम्ही सही करतो.

साक्षीदार:
१. (सही) मनोहरराव निमजे, तांडापेठ
२. (सही) बबनराव पराते, तांडापेठ

नागपूर, दिनांक २२ जुलै १९८४