पऱ्हाटीचा कोळसा आणि नाल्याचं पाणी

सर,

तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, आणि मी अजून तुमच्यावर रागावलेली आहे. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मग तो माणूस जिवंत असताना ज्याला बोलू दिलं नाही त्यानं बोलायचं तरी केव्हा? मागच्या आठवड्यात रसायनशास्त्र विभागातल्या प्रयोगशाळेला तुमचं नाव दिलं. मला तुमची लाडकी विद्यार्थिनी म्हणून भाषणाला बोलावलं होतं. माझ्या आधी जो जो बोलायला उठला तो तीच एक गोष्ट सांगत होता: सरांनी आमच्या गावात, मारुतीच्या देवळापुढं, रंगाचं पाणी कोळशातून गाळून सगळ्यांसमोर पिऊन दाखवलं. टाळ्या पडत होत्या. मी खुर्चीत बसून हाताच्या मुठी आवळत होते.

तुम्ही मला घडवलंत हे मी नाकारत नाही, आणि म्हणूनच हा राग असा चिवट आहे. विभागातली भट्टी बंद पडली तेव्हा तुम्ही मला औरंगपुऱ्यातल्या तुमच्या घरी घेऊन गेलात. गावाकडून आणलेल्या पऱ्हाट्या मोडून आपण पत्र्याच्या डब्यात घातल्या, झाकण घट्ट लावलं आणि डबा गॅसवर चढवला. सगळं स्वयंपाकघर धुरानं भरलं. मॅडम पदर नाकाला लावून म्हणाल्या, "अहो, संध्याकाळी पाहुणे यायचेत!" तुम्ही हसत मला सांगत होतात, की कोळशाला आतून इतकी बारीक भोकं असतात की मूठभर कोळशातल्या भिंती उलगडून पसरल्या तर अख्खं शेत झाकलं जाईल; पाण्यातला रंग त्या भिंतींना जाऊन चिकटतो. कापूस वेचून झाला की पऱ्हाट्या चुलीत जातात, एवढंच मला माहीत होतं. त्या दिवशी निघताना तुम्ही तुमचा पांढरा कोट मला दिलात. बाह्या दोनदा दुमडून मी तो वर्षानुवर्षं घातला.

मी या कामाला का लागले तेही तुम्हाला माहीत होतं. आमच्या गावावरून वाहणारा नाला कापड रंगवायच्या कारखान्यामागून येतो. कधी निळा, कधी लाल. काठावर माझ्या काकूची विहीर. त्या पाण्याला म्हशी तोंड लावीनात. मी नाल्याचं पाणी कॅनमध्ये भरून एसटीनं आणलं, कंडक्टरशी भांडून. आपण काचेच्या नळीत कोळसा भरला. प्रयोगशाळेत शुद्ध पाण्यात कालवलेला रंग त्यातून दिवसभर नितळ होऊन उतरायचा. नाल्याचं पाणी ओतलं, तर पहिले दोन पेले नितळ आले आणि तिसऱ्यापासून रंग जसाच्या तसा. त्या पाण्यात खळ होती, मीठ, सोडा, साबण होता. खळीनं आणि साबणानं कोळशाची भोकं आधीच भरून टाकली, रंगाला जागाच उरली नाही. मी ते आकडे तुमच्या टेबलावर ठेवले. तुम्ही चष्मा काढलात, पुसलात आणि म्हणालात, "हे प्रबंधात नको. परीक्षक गोंधळतील. शुद्ध रंगाचं पुरेसं आहे." मी म्हणाले, "सर, पण गावात शुद्ध रंग कुठं येतो?" तुम्ही चष्मा घालून पुढचं पान उलटलंत.

मग गावानं कारखान्याविरुद्ध तक्रार केली. मालक तुमचा जुना विद्यार्थी, तो तुम्हाला घेऊन आला. देवळापुढं सतरंज्या अंथरल्या. तुम्ही नळी उभी केलीत आणि प्रयोगशाळेतून गाडीत आणलेल्या स्वच्छ पाण्यात रंगाची पूड कालवलीत. मी शेजारीच उभी होते. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सर, नाला इथंच आहे. त्याचंच पाणी घालू या ना." गर्दी माझ्याकडं बघायला लागली. तुम्ही हसलात, आणि इतक्या वर्षांत मला पहिल्यांदाच परकं केल्यासारखं म्हणालात, "बाई, शास्त्र असं जत्रेत शिकवत नसतात. तुम्ही बाजूला व्हा." तुम्ही मला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. मग तुम्ही पेला उचललात आणि प्यालात. म्हातारी माणसं तुमच्या पाया पडली. काकू मला म्हणाली, "अगं, एवढा मोठा मानूस स्वतः पेला की! तू कशाला मधी बोलायलीस?" तक्रार मागं घेतली गेली.

कारखान्यानं टाकी बांधली, तीत कोळसा भरला. तो थोड्याच दिवसांत गच्च झाला. तो बदलताना काढलेला काळा गाळ त्यांनी नाल्याच्या काठावर, काकूच्या बांधाला लागून ओतला. मी तुम्हाला येऊन सांगितलं, की रंग नाहीसा झालेला नाही, फक्त पाण्यातून ढिगात गेलाय, पाऊस पडला की परत उतरेल. "मालकाशी बोलतो," म्हणालात. पुन्हा विचारलं, तर म्हणालात, "बोलायचंय." मग उन्हाळ्यात तुमचं हृदय बंद पडलं आणि तुम्ही सुटलात. मृगाचा पाऊस झाला, तेव्हा काकूच्या विहिरीत जांभळं पाणी उतरलं. तिनं बादली माझ्या पायाशी आपटली. "तुझ्या सरानं पेलं म्हनून आमी गप बसलो. आता कुनाला इचारू?" सर, मी कुणाला विचारणार होते? तुमच्या फोटोला हार घातलेला होता.

तर त्या समारंभात माझी पाळी आली. मी सरळ सांगितलं, की देवळापुढचं ते पाणी नाल्याचं नव्हतं. ज्यांना शिकवायचं आहे त्यांनी त्या दिवसाची गोष्ट सांगणं आता थांबवावं. पहिल्या रांगेतून मॅडम उठल्या. बाहेर जिन्यापाशी त्यांनी मला गाठलं. "बोलायचंच होतं तर ते असताना बोलायचं होतंस." मी म्हणाले, "बोलले होते, मॅडम. तीनदा बोलले." त्या कठड्याला धरून खाली उतरून गेल्या. त्या क्षणी मला तुमचा जितका राग आला तितका कधीच आला नव्हता. हे तुम्ही त्यांना सांगायला हवं होतं. मला सांगावं लागलं.

आता मीही शिकवते. माझ्याकडं येणाऱ्या मुलांना पहिल्याच दिवशी नाल्यावर नेते. पाण्यातली खळ आधी तुरटीनं खाली बसवायची, वाळूतून गाळायचं आणि मगच कोळसा. गच्च झालेला कोळसा फेकायचा नाही, भट्टीत पुन्हा तापवायचा, म्हणजे आतला रंग जळतो. तो कारखाना ही पद्धत सहजासहजी स्वीकारणार नव्हता. गावानं पुन्हा तक्रार केली, या वेळी माझे आकडे जोडून, तेव्हा कुठं त्यांनी भट्टी बसवली. ढीग उचलायला लावला. काकूच्या विहिरीचं पाणी अजून पिण्याजोगं नाही. ते माझ्या हयातीत होईल की नाही, सांगता येत नाही.

हे पत्र तुमच्या घरी पाठवलं तर मॅडमच्या हातात पडेल, आणि त्यांना मी पुरेसं दुखावलं आहे. म्हणून ते माझ्याजवळच राहील. पण एक गोष्ट सांगते. त्या समारंभाच्याच आठवड्यात नाल्याचं खरं पाणी आमच्या नळीतून पहिल्यांदा दिवसभर सलग नितळ उतरत राहिलं. मुलं ओरडायला लागली, आणि मी काही विचार करायच्या आत म्हणून गेले, "थांबा, सरांना बोलावते."